नंबर वनचे आठवडे कसे वाचायचे, म्हणजे वादात तोंडावर पडायची वेळ येणार नाही

मागे मित्रांच्या ग्रुपवर टेनिसवरून जुंपली होती, नेहमीचंच, कोण मोठा कोण छोटा. मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की बाकी सगळं सोडा, नंबर वनवर किती आठवडे एवढंच बघा, विषय संपला. आणि पुरावा म्हणून नदालचे २०९ आठवडे टाकले. त्यावर एकाने एकच ओळ लिहिली, मार्टिना हिंगिसचे पण २०९च आहेत. झालं. एकीकडे २२ ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा), दुसरीकडे सिंगल्सचे ५, आणि आठवडे सेम टू सेम. मला उत्तरच सुचेना, जेवायला जातो म्हणून सटकलो.

त्यानंतर हे प्रकरण जरा नीट समजून घेतलं. आकडा खोटा नसतो, पण तो वाचायचा कसा हे माहीत नसेल तर तो कुणाच्याही बाजूने बोलतो. तर कुणी खरंच किती काळ राज्य केलं हे बघायचं असेल तर मी काय काय बघतो ते लिहितोय, क्रम थोडा इकडेतिकडे होईल.

सगळ्यात आधी रँकिंग म्हणजे काय ते डोक्यात पक्कं करा, कारण अर्धे वाद इथेच चुकतात. रँकिंग म्हणजे करिअरची कमाई नाही, ते फक्त मागच्या ५२ आठवड्यांचं खातं आहे. ग्रँड स्लॅम जिंकलं की २००० पॉइंट्स मिळतात, मास्टर्स (स्लॅमखालोखालच्या मोठ्या स्पर्धा) जिंकली की १०००, त्याखाली ५०० आणि २५० च्या स्पर्धा. पण मिळालेले पॉइंट्स तुमचे कायमचे नसतात, वर्षाने तीच स्पर्धा परत आली की जुने पॉइंट्स उडतात आणि यंदा जे कमावलं तेच राहतं. म्हणजे सावकारासारखं आहे, वर्ष झालं की दारात हजर, सगळे परत दे आणि हवे असतील तर पुन्हा कमव. यालाच पॉइंट्स डिफेंड करणं म्हणतात. यातली गंमत अशी की गेल्या वर्षी विम्बल्डन जिंकलेला माणूस यंदा परत जिंकला तर त्याचा बॅलन्स एका पॉइंटनेही वाढत नाही, जिथे होता तिथेच. आणि गेल्या वर्षी पहिल्याच राउंडला घरी गेलेला यंदा नुसता सेमीला पोचला तरी त्याची चांदी. म्हणून वर पोचण्यापेक्षा वर राहणं अवघड, कारण वरचा माणूस दर आठवड्याला स्वतःच्याच गेल्या वर्षाशी खेळत असतो.

आता मोजणी. लोक "सर्वात जास्त काळ नंबर वन" म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतात, त्या आधी वेगळ्या करा.

एक म्हणजे एकूण आठवडे. इथे जोकोविच ४२८ वर आहे, पुरुष आणि महिला दोन्ही धरून सगळ्यात जास्त. त्याच्यामागे स्टेफी ग्राफ ३७७, नवरातिलोवा ३३२, सेरेना ३१९, फेडरर ३१०, सॅम्प्रस २८६, लेंडल २७०, कॉनर्स २६८, ख्रिस एव्हर्ट २६०.

दुसरं म्हणजे सलग आठवडे, आणि इथे चित्र एकदम बदलतं. फेडरर २३७ आठवडे सलग, २ फेब्रुवारी २००४ पासून ऑगस्ट २००८ पर्यंत, साडेचार वर्षं एकदाही खाली नाही. महिलांमध्ये ग्राफ आणि सेरेना दोघींचे १८६, बरोबरी. जोकोविचची सगळ्यात लांब सलग खेळी १२२ ची. म्हणजे ज्याचे एकूण आठवडे सगळ्यात जास्त त्याची सर्वात लांब खेळी फेडररच्या जवळपास निम्मी.

हा फरक नुसता बघून पुढे जाऊ नका, तुकडे पाडून बघा, मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते. फेडररचे ३१० म्हणजे २३७, मग ४८, मग १७, आणि शेवटी २०१८ मध्ये ८. म्हणजे एक भलामोठा डोंगर आणि मागे छोट्या टेकड्या. जोकोविचचे ४२८ दहा तुकड्यांत आहेत, पहिला ४ जुलै २०११ ला सुरू झाला आणि शेवटचा जून २०२४ मध्ये संपला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता, मधे मधे तर सात सात आठवड्यांचे आणि एक चक्क दोनच आठवड्यांचा तुकडा आहे. एकाला चारेक वर्षं कुणी हातच लावू शकलं नाही, दुसऱ्याला पुन्हा पुन्हा खाली खेचलं आणि तो तेरा वर्षं पुन्हा पुन्हा वर आला. दोन्ही राज्यच, पण जात वेगळी. कुणाचं मोठं म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मला विचाराल तर दहा वेळा परत येणं जास्त भारी वाटतं, पण फेडररवाल्यांना हे पटत नाही आणि मी पण आता फार ताणत नाही.

तिसरी मोजणी वर्षअखेरचा नंबर वन. ही जुन्या लोकांना जास्त प्रिय. जोकोविच ८ वेळा, ग्राफ पण ८ वेळा, सॅम्प्रस ६ वेळा आणि तेसुद्धा ओळीने, १९९३ ते १९९८. हा ओळीने सहाचा पुरुषांमधला रेकॉर्ड अजून तसाच आहे. त्या शेवटच्या वर्षी, १९९८ ला, मार्सेलो रिओस मागे लागलेला होता म्हणून सॅम्प्रस सीझनच्या शेवटी युरोपात एकामागोमाग एक स्पर्धा खेळत सुटला, फक्त तो सहावा शिक्का मारायला. आणि रिओस कोण, तर नंबर वन झालेला पण एकही ग्रँड स्लॅम न जिंकलेला एकमेव पुरुष. ६ आठवडे होता वर.

जाता जाता, एकेका आठवड्याची किंमत काय असते ते बघायचं असेल तर फेडररचं २०१० बघा. सॅम्प्रसचे २८६ गाठायला त्याला एकच आठवडा कमी पडला, २८५ वर असताना नदालने खाली ढकललं. तो एक आठवडा मिळवायला दोन वर्षं लागली, जुलै २०१२ ला विम्बल्डन जिंकला तेव्हा कुठे बरोबरी झाली. आणि कॉनर्सचं तर अजून वाईट, १६० आठवडे सलग होता, मग ऑगस्ट १९७७ मध्ये फक्त एका आठवड्यासाठी बोर्ग वर गेला, आणि मग कॉनर्स परत ८४ आठवडे सलग. तो एक आठवडा मधे नसता तर त्याचे सलग २४५ झाले असते आणि फेडररचा रेकॉर्ड रेकॉर्डच नसता.

आता पुढची पायरी, जी बहुतेक लोक करतच नाहीत. नंबर वन आणि नंबर टू मधलं अंतर बघा, आणि त्या अंतरातले किती पॉइंट्स लवकरच उडणार आहेत ते बघा. नुसतं अंतर बघून फसायला होतं. याचं सगळ्यात भारी उदाहरण २०१६ चं. फ्रेंच ओपन जिंकल्यावर ६ जूनला जोकोविचचे १६,९५० पॉइंट्स होते, रेकॉर्ड, आणि दोन नंबरच्या अँडी मरेचे ८,९१५. जवळजवळ दुप्पट. त्या दिवशी कुणी म्हणालं असतं की पाच महिन्यांत मरे नंबर वन होईल तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

पण खातं उघडून बघितलं असतं तर दिसलं असतं की जोकोविचच्या १६,९५० मधला मोठा ढीग आदल्या वर्षीच्या उत्तरार्धाचा होता, आणि २०१५ चा उत्तरार्ध त्याने जवळपास सगळाच जिंकला होता. म्हणजे आता फक्त जायचंच होतं. विम्बल्डनला तो तिसऱ्या राउंडला सॅम क्वेरीकडून हरला, २००० गेले आणि ९० आले. मरेचे आदल्या वर्षीच्या सेमीचे ७२० होते, तो जिंकला, त्याचे २००० झाले. एका स्पर्धेत अंतर ३,१९० ने कमी. मधे टोरांटोला जोकोविच जिंकला आणि मरे गेलाच नाही, तिथे थोडं परत वाढलं. मग यूएस ओपनला जोकोविच फायनल हरला, म्हणजे तसा चांगलाच खेळला, तरी ८०० गेले. मग शांघाय, जोकोविचचे १००० चे ३६० झाले आणि मरेचे ३६० चे १०००, अगदी आरशातल्यासारखं उलटं. मग पॅरिस, परत तेच, जोकोविच क्वार्टरला बाहेर, मरे विजेता. ७ नोव्हेंबरला मरे नंबर वन. आणि वर वर्षअखेरचा निकाल सीझनच्या शेवटच्या, लंडनच्या स्पर्धेच्या फायनलला या दोघांच्याच मॅचवर आला, ती पण मरे जिंकला. बरं रिओ ऑलिंपिकचं गोल्ड यात धरलेलं नाही, त्या वर्षी ऑलिंपिकला रँकिंग पॉइंट्सच नव्हते.

(वरचे आकडे तेव्हाच्या कोष्टकाचे आहेत. २०२४ पासून एटीपीने, म्हणजे पुरुष टेनिसच्या संघटनेने, हरणाऱ्या फायनलिस्टला १२०० ऐवजी १३०० आणि सेमीला ७२० ऐवजी ८०० केलेत, त्यामुळे जुन्या आणि नव्या वर्षांची बेरीज करताना एकच कोष्टक लावू नका.)

तर हे झालं पडायचं गणित. आता वर राहायचं. लोकांना वाटतं की स्लॅम जिंकत राहिलं की नंबर वन राहतो. अर्धंच खरं आहे. स्लॅम वर्षाला चारच, चारही जिंकले तरी ८०००, आणि असं दर वर्षी कोण जिंकतंय. मला वाटतं लांब राज्य टिकतं ते वाईट आठवड्यांवर. म्हणजे सर्व्ह बसत नाही, पाठ दुखतेय, ड्रॉ वाईट म्हणजे समोर तगडे खेळाडू आलेत, अशा आठवड्याला माणूस कुठल्या राउंडला हरतो. दुसऱ्या राउंडला हरला तर जवळपास शून्य, तसंच कसंबसं सेमीपर्यंत खेचलं तर मोठ्या स्पर्धेत शेकड्यांनी पॉइंट्स. फेडररचा २३७ आठवड्यांचा आकडा सगळे सांगतात, पण त्याच्या खालचा पाया म्हणजे ओळीने २३ ग्रँड स्लॅम सेमीफायनल, २००४ च्या विम्बल्डनपासून २०१० च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत. जवळपास सहा वर्षं एकाही स्लॅमला सेमीच्या आधी हरला नाही. यात खराब फॉर्म आला नसेल का, आलाच असेल, पण तो खराब फॉर्म घेऊन पण सेमीला गेला. २००६ ला ९२ मॅच जिंकल्या आणि ५ हरला, १७ स्पर्धा खेळला त्यातल्या १६ मध्ये फायनलला. नवरातिलोवाचं १९८३ तर ८६ विजय आणि १ पराभव, एक, मी दोनदा तपासलं होतं.

म्हणून कुणाचं राज्य बघताना मी ट्रॉफी नंतर बघतो, आधी लवकरचे पराभव मोजतो. वर्षभरात क्वार्टरच्या आधी किती वेळा गेला. दोन तीन वेळा असेल तर राज्य टिकतं, सहा सात वेळा असेल तर कितीही ट्रॉफी असू दे, पुढच्या वर्षी खाली येणारच. नियम वगैरे नाही हा, माझं आपलं निरीक्षण.

आणि याच्याच दुसऱ्या टोकाला नदाल. २२ स्लॅम, त्यातले १४ फ्रेंच ओपन, पण नंबर वनवर त्याची सर्वात लांब सलग खेळी ५६ आठवड्यांची. कारण त्याची कमाई क्ले सीझनमध्ये, म्हणजे मातीच्या कोर्टवरच्या स्पर्धांत, गोळा व्हायची आणि दुखापतींमुळे वर्षाचे कधी कधी महिनेच्या महिने रिकामे जायचे. रिकामा महिना म्हणजे गेल्या वर्षीचे त्या महिन्याचे सगळे पॉइंट्स गेले, बदल्यात शून्य. तो मोठा खेळाडू नव्हता असं कोण म्हणेल, पण रँकिंग नावाची गोष्ट हजेरीवर पण मार्क देते. तेवढं असूनही टॉप टेनमध्ये तो एप्रिल २००५ ते मार्च २०२३ सलग राहिला, ९१२ आठवडे, हा आकडा मला कधी कधी नंबर वनच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

आता एक बघायलाच पाहिजे अशी गोष्ट, मागे कोण होतं. नदाल फेडररच्या मागे सलग १६० आठवडे दोन नंबरवर बसला होता, जुलै २००५ ते ऑगस्ट २००८. म्हणजे फेडररचे २३७ रिकाम्या मैदानात आलेले नाहीत, निदान नंतरचे तरी नाहीत. आणि पूर्ण कालखंड बघा, २ फेब्रुवारी २००४ पासून २८ फेब्रुवारी २०२२ ला मेदवेदेव वर गेला तोपर्यंत, अठरा वर्षं, पुरुषांमध्ये नंबर वन फक्त चार माणसं, फेडरर, नदाल, जोकोविच, मरे. एक पोरगं जन्माला येऊन मतदानाच्या वयाचं झालं तरी यादीत पाचवं नाव नाही. त्याउलट महिलांचं २०१७ बघा, एका वर्षात पाच जणी, कर्बर, सेरेना, प्लिस्कोवा, मुगुरुझा, हालेप. काही लोक म्हणतात तेव्हा दर्जा घसरला होता. मला तसं नाही वाटत, ताकद सारखी वाटली गेली होती एवढंच, पण एवढ्या गर्दीत कुणी लांब राज्य केलं तर त्याचं वजन जास्त धरावं हे मात्र खरं. इगा श्वीऑनटेक त्यानंतर १२५ आठवडे वर राहिली ते म्हणून मला मोठं वाटतं.

आता अपवाद, हे तोंडपाठ असू द्या कारण समोरचा इथेच पकडतो.

कोविडमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२० रँकिंग गोठवलं होतं, ते आठवडे जोकोविचच्या ४२८ मध्ये धरलेले नाहीत. म्हणून तारखा घेऊन आठवडे मोजायला बसलात तर आकडा जास्त येईल आणि वाटेल एटीपीची चूक आहे, चूक नाही. मग २०२२ चं विम्बल्डन, रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातली म्हणून एटीपी आणि महिलांच्या डब्ल्यूटीए संघटनेने पॉइंट्सच काढून घेतले. जोकोविच ती स्पर्धा जिंकला आणि हातात पॉइंट्स शून्य, वर आदल्या वर्षीचे २००० पण गेले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून लसीवरून परत पाठवला होता, तिथलेही गेले. त्यामुळे २०२२ चं रँकिंग घेऊन कुणी कुणाचा फॉर्म सिद्ध करायला लागला तर हसून सोडून द्या.

मोनिका सेलेसचं मात्र हसण्यासारखं नाही. ३० एप्रिल १९९३ ला हॅम्बर्गमध्ये मॅच चालू असताना तिच्या पाठीत एकाने चाकू खुपसला, तेव्हा ती नंबर वन होती, आणि मग दोन वर्षांहून जास्त खेळलीच नाही. तिचे आठवडे १७८ वर आहेत, ग्राफचे ३७७ वर. यात ग्राफचा काहीच दोष नाही, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी तुलना करत असेल तर मधे हा हल्ला आहे हे सांगायलाच हवं.

जुन्या काळाचं अजून वेगळं. पुरुषांचं कॉम्प्युटर रँकिंग २३ ऑगस्ट १९७३ ला सुरू झालं, पहिला नंबर वन इली नास्तासे. महिलांचं नोव्हेंबर १९७५ ला, पहिली ख्रिस एव्हर्ट. त्याच्या आधी रॉड लेव्हरसारखे लोक होऊन गेले, त्यांचे चांगले दिवस या यादीतच नाहीत. आणि सुरुवातीला यादी दर आठवड्याला निघतही नव्हती. वर पुरुषांचं रँकिंग १९८९ पर्यंत सरासरीवर चालायचं, म्हणजे एकूण पॉइंट्स भागिले स्पर्धा, त्यामुळे जास्त खेळणाऱ्याचं नुकसान. गिलेर्मो विलासने १९७७ ला १६ स्पर्धा जिंकल्या, फ्रेंच आणि यूएस ओपन धरून, तरी तो एक आठवडाही नंबर वन झाला नाही, त्याच्या चाहत्यांचं दुखणं अजून गेलेलं नाही. आणि इव्हॉन गुलागाँग तर १९७६ मध्ये दोन आठवडे नंबर वन होती हे डब्ल्यूटीएला २००७ मध्ये कळलं, रेकॉर्डमधला घोळ ३१ वर्षांनी सापडला. म्हणून सत्तरच्या दशकातला आकडा आणि आजचा आकडा एका तराजूत टाकताना जरा जपून.

हे सगळं झालं मागचं. पुढचं स्वतः बघायचं असेल, म्हणजे सध्याचा नंबर वन किती टिकेल, तर काही विशेष लागत नाही, कागद पेन पुरे. सध्याच्या पहिल्या दोघा तिघांचे पॉइंट्स लिहा. पुढच्या तीन महिन्यांतल्या मोठ्या स्पर्धा लिहा. प्रत्येक स्पर्धेसमोर गेल्या वर्षी कोण कुठपर्यंत गेलं आणि त्याचे किती पॉइंट्स ते लिहा, आणि आधी सगळे वजा करून टाका. जे उरतं ते खरं अंतर. किती वेळा असं होतं की वर दिसणारा माणूस वजाबाकीनंतर खाली असतो, किंवा उलट. उदाहरणार्थ सिनरवर फेब्रुवारी ते मे २०२५ तीन महिन्यांची बंदी होती, सगळे म्हणत होते आता नंबर वन गेला, दोन नंबरचा झ्वेरेव्ह घेणार. पण सिनरकडे आधीच्या पॉइंट्सची गादी एवढी जाड होती आणि झ्वेरेव्ह त्या आठवड्यांत लवकर लवकर हरत गेला, की सिनर घरी बसून नंबर वन राहिला आणि परत आला तेव्हाही नंबर वनच होता. शेवटी सप्टेंबरमध्ये यूएस ओपनच्या फायनलला अल्काराझने काढून घेतला, ६५ आठवड्यांनंतर. स्लॅम दोन आठवडे चालतं आणि मधल्या सोमवारी यादी बदलत नाही हे पण लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्या आठवड्यात कुणी हरला की लोक लगेच गेला गेला करतात.

आणि हो, ते २०९. हिंगिस साडेसोळा वर्षांची असताना मार्च १९९७ ला नंबर वन झाली आणि ऑक्टोबर २००१ ला शेवटची उतरली, म्हणजे तिचे २०९ आठवडे साडेचार वर्षांत बसलेत, त्या काळात जवळपास सतत तीच. तिचं शेवटचं सिंगल्स स्लॅम १९९९ चं ऑस्ट्रेलियन, २००० ला एकही नाही तरी वर्षअखेर नंबर वन तीच, कारण ती दर आठवड्याला सेमी फायनलला हजर. नदालचे २०९ ऑगस्ट २००८ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत पसरलेत, साडेअकरा वर्षं, पाच वेळा वर्षअखेर नंबर वन, आणि दोन वर्षअखेरींमध्ये कधीही दोन वर्षांपेक्षा कमी अंतर नाही, २००८, २०१०, २०१३, २०१७, २०१९. आकडा एक, गोष्टी दोन. हे सगळं टाइप करून मी त्या ग्रुपवर टाकलं, तीन आठवड्यांनी. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.